तपासणीनंतरचे दिवस : आदिवासी भागातील सिकलसेल आणि वैद्यवर्गाचे दायित्व

आदिवासी आरोग्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा योजनांच्या यादीपाशी सुरू होते आणि निधीच्या आकड्यांपाशी संपते. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे योजना पाड्यावर पोहोचल्यानंतर रुग्णाच्या घरात नेमके काय घडते, हा भाग क्वचितच विचारात घेतला जातो. आम्हा आयुर्वेद व्यावसायिकांचा संबंध मात्र नेमका याच भागाशी येतो. म्हणून प्रस्तुत लेखात सर्व योजनांचा परामर्श घेण्याऐवजी सिकलसेल या एकाच व्याधीच्या अंगाने आम्ही हा विषय मांडणार आहोत. तपासणीचे काम शासनाने हाती घेतले आहे. परंतु तपासणीनंतरचे वर्षाचे ३६५ दिवस रुग्ण कोणाच्या सल्ल्याने काढतो, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या दवाखान्यांत आणि औषधालयांत आहे.

शासकीय प्रयत्न आणि त्यांतील आपला वाटा

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ९ टक्क्यांहून थोडी अधिक होती. डोंगराळ व विरळ वस्तीचा विचार करून आदिवासी क्षेत्रासाठी आरोग्यसेवेचे निकष मुळातच शिथिल ठेवलेले आहेत. सर्वसाधारण भागात ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, तर आदिवासी भागात अनुक्रमे २०,००० आणि ३,००० लोकसंख्येस एक, असा हा निकष आहे. इमारती या निकषाने उभ्या राहिल्या, तरी त्यांत राहणारे डॉक्टर मिळणे ही अडचण कायम राहिली.

१९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न सर्वांसमोर आला आणि त्यानंतर १९९५ मध्ये राज्य शासनाने नवसंजीवन योजना आणली. या योजनेतील भरारी पथकांनी पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांत जाऊन सेवा द्यावी, अशी अपेक्षा होती. या पथकांत मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणारे बहुसंख्य डॉक्टर बीएएमएस पदवीधर आहेत. त्यांचे मासिक मानधन २०२० मध्ये २४,००० रुपयांवरून ४०,००० रुपये करण्यात आले, यावरून तोपर्यंत ही मंडळी कोणत्या परिस्थितीत काम करीत होती याची कल्पना यावी.

पुढे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची अंगणवाडीत व शाळेत जाऊन तपासणी करणाऱ्या या पथकांची रचनाच दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका अशी आहे. आज आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांतही समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून अनेक बीएएमएस पदवीधर रुजू आहेत. सारांश, दुर्गम भागातील शासकीय आरोग्यसेवेचा बराचसा भार आजही आयुर्वेदाच्या पदवीधरांवर आहे. खासगी व्यवसाय करणारे वैद्य आणि बाजाराच्या गावी औषधालय चालविणारे व्यावसायिक हे या साखळीचेच पुढचे दुवे होत.

सिकलसेलपुरते बोलायचे तर महाराष्ट्रात २००८-०९ च्या सुमारास नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने देशातील आदिवासी आरोग्याविषयी जो अहवाल २०१८ मध्ये सादर केला, त्यातही या व्याधीची स्वतंत्र दखल घेण्यात आली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची घोषणा झाली. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या या स्वरूपात या व्याधीचे निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. जुलै २०२५ पर्यंत देशात ६ कोटींहून अधिक तपासण्या होऊन २ लाखांहून अधिक रुग्ण आणि १६ लाखांहून अधिक वाहक आढळले. तपासणीची ही गती निःसंशय प्रशंसनीय आहे. मात्र तपासणी एकदाच होते आणि व्याधी जन्मभर राहते.

व्याधीचे स्वरूप

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानावरील एक अमिनो आम्ल बदलल्याने हा विकार उद्भवतो. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकत्र गोठते आणि तांबडी पेशी कोयत्याच्या आकाराची होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे पांडुता येते, डोळे पिवळे दिसतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या अडल्याने हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना उठतात. अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो आढळल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, कोरकू, गोंड, माडिया, परधान इत्यादी जमातींत, तसेच विदर्भातील काही बिगर-आदिवासी समाजांतही तो आढळतो. म्हणून हा केवळ आदिवासींचा रोग, असा शिक्का मारणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

एका पालकाकडून हा दोष आला तर व्यक्ती वाहक ठरते. विदर्भात यालाच ‘एएस’ म्हणतात. दोन्ही पालकांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. वाहक हा रुग्ण नव्हे आणि सर्वसाधारण जीवनात त्याला काही त्रास होत नाही. उलट, वाहकांना फॅल्सिपॅरम हिवतापाच्या घातक स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. हिवतापग्रस्त अरण्यप्रदेशात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिला, याचे उत्तर त्यातच आहे. एसएस रुग्णाला मात्र हिवताप अत्यंत घातक ठरू शकतो, हा भेद ध्यानात ठेवावयास हवा.

शास्त्रदृष्टीने विचार

सुश्रुतांनी सूत्रस्थानात व्याधींचे जे सात प्रकार सांगितले, त्यांतील आदिबलप्रवृत्त हा पहिला प्रकार शुक्रशोणिताच्या दोषातून येणाऱ्या व्याधींचा असून त्याचे मातृज व पितृज असे दोन भेद केलेले आहेत. सिकलसेलमध्ये दोन्हींचा संयोग झाल्यावाचून व्याधी प्रकट होत नाही. लक्षणांवरून पाहता पांडू, कामला, प्लीहावृद्धी, अस्थिमज्जागत वात यांच्याशी साम्य दिसते. तथापि एका संहितोक्त व्याधीचे नाव देऊन त्याच व्याधीची चिकित्सा जशीच्या तशी लागू करणे आम्हास धोक्याचे वाटते.

साध्यासाध्यतेचा विचार येथे अधिक उपयोगी पडतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात याप्य व्याधीची संकल्पना मांडली आहे. जो व्याधी समूळ जात नाही, परंतु पथ्य आणि उपचार सातत्याने चालू राहिल्यास आटोक्यात राहतो आणि ते थांबताच उसळतो, तो याप्य. सिकलसेलचे याहून यथार्थ वर्णन करता येणार नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुकसंपादन चिकित्सा हे समूळ उपचाराचे मार्ग आहेत. परंतु धडगाव वा भामरागडच्या कुटुंबाला ते आज आवाक्यातले नाहीत. त्या कुटुंबासाठी हा व्याधी याप्यच आहे आणि म्हणून सातत्य हेच चिकित्सेचे मर्म आहे. असाध्य व्याधी बरा करण्याचे वचन देणारा वैद्य अर्थ, विद्या आणि यश तिन्ही गमावतो, असा इशाराही त्याच अध्यायात आहे. ‘सिकलसेल मुळापासून घालवितो’ असे सांगून दवाखाना चालविणाऱ्यांना आपल्याच संहितेने दिलेले हे उत्तर आहे.

चिकित्सेतील दक्षता

आदिवासी भागात रुग्ण आला आणि तो पांडुर दिसला की लोहकल्प किंवा मंडूरकल्प देण्याची आपली नित्याची पद्धत आहे. बहुसंख्य रुग्णांत ती योग्यही असते. सिकलसेलमध्ये मात्र रक्त कमी होण्याचे कारण पेशींचा नाश हे आहे. नाश पावलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते आणि वारंवार रक्त दिलेल्या रुग्णांत तर ते यकृत व हृदय यांत साठून हानी करते. यास्तव लोहकल्प देण्यापूर्वी सिकलसेलची चाचणी आणि शक्य तेथे रक्तातील फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. वाहकाला किंवा रुग्णाला लोहाची खरोखर कमतरता असल्याचे सिद्ध झाले, तर लोह अवश्य द्यावे. तपासणीवाचून दिलेले लोह मात्र टाळावे.

दुसरी बाब जलाची. या रुग्णांचे मूत्रपिंड मूत्र घट्ट करू शकत नाही. त्यामुळे शरीरातील पाणी सतत अधिक प्रमाणात बाहेर जाते आणि जलक्षय हे वेदनेचा झटका येण्याचे एक प्रमुख कारण ठरते. यावरून निघणारा निष्कर्ष आम्ही स्पष्टपणे मांडतो. वमन, विरेचन, दीर्घ लंघन आणि भरपूर घाम आणणारे स्वेदन या रुग्णांत जोखमीचे आहेत. आधीच अल्परक्त असलेल्या रुग्णात रक्तमोक्षणाचा विचारही करू नये. शीत परिषेक, पावसात भिजणे, अतिश्रम यांनीही झटका उद्भवू शकतो. पुरेसे पाणी, पेज, ताक, सूप यांसारखे द्रवप्राय अन्न, उबदार वस्त्र आणि विश्रांती हे या व्याधीचे पहिले पथ्य होय.

तिसरी बाब सांधेदुखीची. हात-पाय सुजलेले वर्षभराच्या आतील बालक, किंवा मांडीच्या सांध्यात दुखून लंगडणारा तरुण आला, तर आमवात अथवा संधिगत वात असे निदान करून मोकळे होण्याचा मोह होतो. बालकाच्या हातापायांची सूज हे पुष्कळदा सिकलसेलचे पहिले लक्षण असते. ही लक्षणे साधारणतः सहा महिन्यांच्या सुमारास सुरू होतात, कारण तोवर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बालकाचे रक्षण करीत असते. तरुणाच्या मांडीच्या सांध्यात रक्तपुरवठ्याअभावी हाड झिजलेले असू शकते. अशा वेळी क्ष-किरण तपासणी आणि सोल्युबिलिटी चाचणी यांवाचून चिकित्सा सुरू करू नये.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची बाब तापाची. एसएस बालकाची प्लीहा लहान वयातच निकामी होऊ लागते आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंच्या संसर्गाने काही तासांत प्राण जाऊ शकतो. म्हणून अशा बालकाचा ताप ही तातडीची अवस्था मानावी. काढा देऊन दुसऱ्या दिवशी बोलावण्याची ही वेळ नव्हे. छातीत दुखून श्वास लागणे, एकाएकी फार फिकटपणा येऊन पोटात डाव्या बाजूस गाठ वाढणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे, लिंगाची दीर्घकाळ वेदनायुक्त ताठरता, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब ग्रामीण अथवा जिल्हा रुग्णालयात पाठवावे. सोबत आपल्या हस्ताक्षरात चार ओळींची चिठ्ठी द्यावी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका स्वतः बोलवावी.

चालू उपचार बंद करू नयेत, हे तर सांगावयासच नको. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले आहे. शासकीय कार्यक्रमात ते व फोलिक ॲसिड मोफत मिळते. त्याच्या सेवनकाळात ठराविक मुदतीने रक्तपेशींची मोजणी आवश्यक असते आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने ते घेण्याविषयी आधी तज्ज्ञांशी बोलले पाहिजे. ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणून त्या सोडणारे रुग्ण प्रथम आपल्याकडेच येतात. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊन, औषध पुन्हा सुरू करण्यास त्यांना राजी करणे हेच तेथे वैद्याचे काम आहे.

औषधालयचालकांचे स्थान

आठवडी बाजाराच्या दिवशी औषधालयात ‘रक्त वाढायचे औषध द्या’ किंवा ‘हातपाय ठणकतात, काही द्या’ अशी मागणी करणारे ग्राहक येतात. या मागणीवर थेट बाटली काढून देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे काय? कार्ड आहे काय?’ तपासणी झालेली नसेल तर जवळच्या आरोग्य मंदिरात ती विनामूल्य होते, असे सांगावे. वेदनाशामक औषधे दीर्घकाळ घेतल्याने या रुग्णांचे आधीच दुर्बळ असलेले मूत्रपिंड अधिक बिघडते. घटकद्रव्ये न लिहिलेल्या सांधेदुखीच्या पुड्या तर दुकानात ठेवूच नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव असतो.

आणखी एक पथ्य गुप्ततेचे आहे. लहान गावात कार्ड पाहिलेला दुकानदार सहज बोलून गेला, तरी एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते. कार्डावरील माहिती ही रुग्णाची आहे आणि ती दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. औषधनिर्मात्यांनीही आपल्या टॉनिकच्या वेष्टनावर वा माहितीपत्रकावर सिकलसेलचा उल्लेख करून खप वाढविण्याचा मोह टाळावा.

विवाह आणि समुपदेशन

दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बालक रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी होतील’ असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते, हे समजावून सांगणे गरजेचे आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात अतुल्यगोत्रीय नावाचा अध्याय आहे. गोंड समाजातही देवांच्या संख्येनुसार कुळे मानलेली असून समदेवी कुळांत सोयरीक होत नाही. या रूढीमुळे काही आनुवंशिक विकारांपासून रक्षण होते, हे खरे. सिकलसेलचा दोष मात्र अनेक कुळांत सारखाच पसरलेला असल्याने केवळ कूळ वेगळे असणे पुरेसे नाही. ‘आम्ही देव पाहूनच सोयरीक करतो’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांपाशी त्या नियमाचा आदर राखूनच पुढचे बोलावे : देव पाहता, तसे कार्डही पाहा. वाहकाने वाहकाशी विवाह टाळावा, किंवा केल्यास गर्भधारणेच्या प्रारंभीच तपासणीसाठी जावे, एवढाच त्याचा अर्थ आहे. वाहकाने विवाहच करू नये, असा अर्थ काढला गेला तर तपासणीलाच विरोध सुरू होतो आणि त्याची किंमत बहुधा मुलींना मोजावी लागते.

या कामी भगताला वगळून चालणार नाही. पाड्यावरचा पहिला सल्ला त्याचाच असतो. त्याच्याशी वैर धरणाऱ्यापेक्षा, ताप आलेले बालक त्याच दिवशी रुग्णालयात पाठविण्यास त्याला राजी करणारा वैद्य अधिक जीव वाचवील, असे आमचे मत आहे.

स्थलांतर आणि नोंदी

नंदुरबारच्या सातपुडा भागातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. या काळात गावच्या केंद्रातील औषध मिळत नाही, श्रम वाढतात आणि पाणी पिणे कमी होते. उपचाराची साखळी तुटण्याचे हे मोठे कारण आहे. स्थलांतरापूर्वी रुग्णास पुरेशा मुदतीचे औषध केंद्रातून घेण्याची आठवण करणे, कार्ड सोबत ठेवण्यास सांगणे आणि ऊसक्षेत्रातील वैद्यांनी अशा रुग्णाची विचारपूस करणे, या कामांना कोणताही खर्च येत नाही. महाराष्ट्रात सिकलसेल रुग्णांना एस. टी. प्रवासात सवलत आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश आहे, ही माहितीही अनेक कुटुंबांना नसते.

शेवटी संशोधनाविषयी. नायजेरियात पारंपरिक वैद्यकातील एका वनस्पतिकल्पावर संशोधन होऊन ‘निप्रिसान’ हे औषध तयार झाले. त्यास आरंभी मान्यताही मिळाली. परंतु उपलब्ध पुरावा तोकडा असल्याचेच पुढील समीक्षांत दिसून आले. वनौषधींतून काही निष्पन्न होणारच नाही, असा याचा अर्थ नाही. निष्पन्न व्हावयाचे तर त्यासाठी नोंदी हव्यात. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने निदान निश्चित झालेला रुग्ण, चालू उपचार न थांबविता दिलेला पूरक कल्प, वर्षभरातील झटक्यांची, रुग्णालयातील दिवसांची आणि रक्त देण्याच्या प्रसंगांची मोजदाद, इतके जरी दहा वैद्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि त्यास संस्थेच्या नीतिसमितीची व रुग्णाची संमती असली, तरी पुढील चाचणीचा पाया घातला जाईल.

आदिवासी क्षेत्रात अथवा त्याच्या सीमेवर व्यवसाय करणाऱ्या सर्व वैद्यांनी आणि औषधालयचालकांनी आपल्या तालुक्याच्या सिकलसेल समन्वयकाचा दूरध्वनी क्रमांक जवळच्या आरोग्य केंद्रातून घेऊन दर्शनी भागी लावावा. तापाचे एसएस बालक कोणत्या रुग्णालयात पाठवावयाचे आणि तेथे रक्ताची सोय आहे किंवा नाही, याची चौकशी आधीच करून ठेवावी. ही चौकशी पावसाळ्यापूर्वी, रस्ते सुरू असतानाच होणे इष्ट आहे.